केबल माझ्या हातात होती

इकडे या गा सगळे, जवळ बसा. मागं मी ग्रुपवर या प्रकाराच्या दोन ओळी काय लिहिल्या, तर तुम्ही खाली लिहून मोकळे — "काकू, लूज कनेक्शन असेल." लूज व्हायले आधी कनेक्शन तर लागते ना?

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. अल्ट्रासोनिक टेस्टिंगच्या कॉम्प्युटर सिस्टीम मी स्वतः बनवते. पुस्तकं वाचून, चुकत चुकत शिकले. लोखंडात आवाज सोडायचा. आत चीर असली तर तो परत येतो अन् स्क्रीनवर रेष उभी राहते. त्या प्रोग्रामची एकेक ओळ माझी.

बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मोठ्या रोलरचा शाफ्ट, म्हणजे त्याच्या मधला लोखंडी दांडा, तपासायचा होता. सकाळचे अकरा. आधी माझ्या मुद्दाम भोक पाडलेल्या ठोकळ्यावर सिस्टीम तपासली — बरोबर. मग शाफ्टच्या टोकाले ग्रीस लावून आवाज सोडणारा प्रोब ठेवला. तीनदा. साफ.

रोलरवर काम करणारी लता बाजूलेच उभी होती. "काकू, करू का वं चालू?"

"कर" म्हणणारच होते. प्रोबची केबल काढून मी हातावर गुंडाळून राहिले होते... अन् स्क्रीनवर रेष उभी राहिली. टोकापासून एकशे ऐंशी मिलिमीटर. प्रोब डब्यात, केबल माझ्या हातात.

मेंटेनन्सचे साहेब हसले. "मॅडम, मशीनच खराब आहे तुमची. पास लिहा, अन् घरी जाऊन पापड लाटा."

असा संताप आला मले. "रोलरपाशी लता उभी राहते. तू राहते काय गा?"

सही केली नाही. सहीशिवाय रोलर चालत नाही, हा त्यांचाच नियम. चार दिवस भांडले, मग त्यांनी शाफ्ट काढून उभा कापला. चीर निघाली. एकशे ऐंशीवरच.

आता साहेब सांगत फिरते, शंका त्यालेच आली होती म्हणे. त्याचा राग आहेच. पण त्याहून मोठा राग माझ्याच सिस्टीमचा. शाफ्टचा तो तुकडा माझ्या टेबलावर आहे. प्रोब लावला की चीर दिसते, काढला की काही नाही. मग त्या दिवशी उलटं काहून? पूर्ण प्रोग्राम पुन्हा वाचला. असं काही मी लिहिलेलंच नाही.

लता कधी येते, तुकड्यावर हात फिरवते. "काकू, कोणं सांगितलं असेल वं?" तिच्यावरही खेकसते मी. मी "कर" म्हणणार होते ना.

तर तिकडून लिहू नका. सदरले माझ्या घरी या, लवकर या. चहा ठेवते, केबल तुमच्या हातात देते. मग माझ्या तोंडावर म्हणा, लूज कनेक्शन.