आत्याच्या गालातला तुकडा

जिंतूरला माझा दातांचा दवाखाना आहे. तोंडातली जखम दिसली की तुकडा कापण्याआधीच मी माझा अंदाज कागदावर लिहिते आणि परभणीच्या लॅबमधून रिपोर्ट येईपर्यंत गप्प बसते. अंदाज बहुतेक वेळा जुळतो. त्याचा मला लय माज होता, खोटं कशाला बोलू.

वालूरची माझी आत्या आली. जिथं ती जन्मभर तंबाखूची चिमूट दाबायची, तिथं गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि मधोमध लाल, टणक जखम. बोट लावताच मला कळलं. कागदावर लिहिलं, 'कॅन्सरचा संशय'. पण कापायची वेळ आली आणि हात आखडला. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलेलं. मधली जखम सोडून मी कडेच्या पांढऱ्या चट्ट्याचा इवलासा तुकडा काढला.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. आत्याच्या सुनेनं गल्लीत पेढे वाटले. कागदावर काय लिहिलं होतं ते मी फोनवर सांगितलं, तर तिनं मला चिडवलंसुद्धा, "डॉक्टरीणबाई, अंदाज हुकला की तुमचा." मी हसले. रिपोर्ट खोटा नव्हताच. मी पाठवलेल्या तुकड्यात खरंच काही नव्हतं.

लॅबवाल्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, अशी दोन दिवस मी स्वतःची समजूत घातली. भिकारडी समजूत. तिसऱ्या दिवशी वालूर गाठलं. आत्या तूर पाखडत बसली होती.

"आत्या, पुन्हा तुकडा काढावा लागंल."

"रिपोर्ट चांगला आलाय म्हणं की."

"मी चुकीच्या जागंचा काढला."

तिनं सूप खाली ठेवलं. "तुला जागा म्हाईत न्हवती का?"

"होती. भ्या वाटलं."

"कशाचं?"

"माझा अंदाज खरा निघंल याचं."

सून आतून फणकारली, "पेढे वाटून बसलो आमी, आता लोकांला काय सांगायचं?" आत्यानं तिला गप्प केलं आणि पायात चप्पल सरकवली.

"चल. पर ह्या येळी भाची म्हणून कापू नकोस."

त्याच दुपारी दवाखान्यात मी मधल्या टणक जखमेचा तुकडा कडेसकट, खोलवर कापला. आत्यानं डोळे मिटले नाहीत. माझ्या हाताकडंच बघत राहिली.

या वेळी रिपोर्ट माझ्या अंदाजाशी तंतोतंत जुळला. वालूरला जाऊन मी तिला शेजारी बसवलं आणि कॅन्सर आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं सरळ सांगितलं.

"तुझ्या भ्यापायी माझे किती दिवस गेले?"

"अकरा," मी म्हणाले.