हृदय तू घे, काळीज मी घेते

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेचं दार उघडलं की फॉर्मॅलिनचा, धुळीचा आणि पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी कपाटांचा एक संमिश्र वास अंगावर येतो. त्या वर्षी तो आला नाही. किंवा आलाही असेल, मला जाणवला नाही. खिडकीबाहेर चारकोपच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर कार्तिकातलं धुरकट, कोवळं ऊन उतरलं होतं आणि परक्या गावाच्या चित्राकडे पाहावं तशी मी त्याच्याकडे पाहत होते. वैशाखात विनय, माझा नवरा, गेला. हृदयविकाराचा झटका, चहाचा कप अर्धाच राहिला. तेव्हापासून मी नेमाने शाळेत येत होते, आठवीला विज्ञान शिकवत होते, पेपर तपासत होते. आणि हे सारं जाड काचेपलीकडची कुणी बाई करते आहे, मी तिला नुसती न्याहाळते आहे, असं वाटत राही. रडू आलंच नव्हतं. लोक त्याला धीर म्हणत.

त्याच सुमारास मुख्याध्यापकांनी सांगितलं, विज्ञान यापुढे एकटं शिकवायचं नाही. भाषेशी, गणिताशी, संगीताशी जोडून शिकवायचं. शिक्षकांच्या खोलीत कुरकुर झाली. मराठीच्या राणेबाई तेवढ्या उजळल्या. मालवणकडच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, बोलण्यात सुसाट.

"मीनल, तुझा पुढचा धडा रक्ताभिसरणाचा ना गं? मग हृदय तू घे, काळीज मी घेते. एकच तास, एकच फळा!"

मी "घेऊ" म्हटलं. नाही म्हणायलाही आतून काहीतरी वाटावं लागतं.

फळ्याच्या डाव्या अर्ध्यावर मी चार कप्प्यांचं हृदय काढलं, निळ्या-लाल खडूंनी, सवयीच्या हाताने. उजवीकडे राणेबाई लिहीत गेल्या: काळीज धडधडणं, काळजाला घरं पडणं, काळीज तुटणं, दगडाचं काळीज. यांतलं शेजारच्या चित्रात खरोखर काय घडू शकतं, ते मुलांनी ठरवायचं होतं. वर्ग एकदम जागा झाला. मटणाचं दुकान असलेल्या घरातली सानिका ताडकन उठली.

"बाई, पण कलेजी म्हणजे तर लिव्हर! आमच्याकडे हृदय वेगळं ठेवतात."

हशा उसळला. राणेबाईंना तर खजिनाच सापडला. शब्द मुळात यकृताचाच, त्या म्हणाल्या. आपल्या माणसांनी तो हळूहळू वर सरकवत छातीत नेऊन ठेवला. एरवी शेवटच्या बाकांवर पेंगणारी मुलं मग यकृत कुठे, छाती कुठे, हे एकमेकांना बोटांनी दाखवू लागली. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात यकृताला असं भाग्य कधी लाभलं नव्हतं.

सानिका अजून उभीच होती. "बाई, दगडाचं काळीज झालं तर माणूस जगेल कसा?"

प्रश्न राणेबाईंच्या अर्ध्या फळ्यावरचा होता, पण तिची नजर माझ्याकडे होती. मी म्हटलं, "ठोक्याची आज्ञा हृदयात आपोआप तयार होते. आपलं मन नसलं तरी ते चालतं."

"आणि ते थांबलं तर मेंदूला लगेच कळतं?"

कुठल्या तरी बाकावरून कुणीतरी तिला दटावल्याचा "श्शू" ऐकू आला. मुलांना माझ्या घरचं ठाऊक होतं. राणेबाईंचा खडू फळ्यावर टेकलेला तसाच राहिला.

"लगेच नाही," मी म्हटलं. "रक्त पोचायचं थांबतं, मग हळूहळू मेंदू विझत जातो. मध्ये थोडा वेळ असतो."

"म्हणजे त्याला उशिरा कळतं."

"हो. उशिरा."

माझा आवाज स्थिर होता. मी वळून महाधमनीला नाव दिलं, बाण काढला. बाण जरा वाकडा आला.

तास संपल्यावर राणेबाई माझ्यामागून जिन्यापर्यंत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा उजेड गेला होता आणि अशा वेळी त्यांची भाषा गावाकडे वळते. "माका सुचलाच नाय गो, मीनल. काळजाच्या नादात तुझा दुःख मी विसारलंय."

"तास चांगला झाला," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. जिन्याच्या जाळीतून येणारं ऊन आमच्या दोघींच्या साड्यांवर तुकड्यातुकड्यांनी पडलं होतं. खाली मैदानात कुणीतरी शिट्टी फुंकत होतं. त्यांनी माझं मनगट धरलं, आणि वैशाखापासून जो प्रश्न सगळे टाळत आले होते, तो सरळ विचारला.

"रडलंस तरी गो तू?"

"नाही," मी म्हटलं, आणि मग, माझ्याही नकळत, "अजून नाही."

तो 'अजून' कुठून आला, मला कळलं नाही. सहा महिने मी मानत होते, की जे व्हायचं ते माझ्यात होऊन गेलं आहे आणि मागे ही शांतता उरली आहे. पण कदाचित बातमी वाटेतच असेल. सावकाश, आपल्या गतीने येत असेल. राणेबाईंनी हात सोडला नाही. आम्ही तशाच, एकेक पायरी, खाली उतरू लागलो.