माझ्या घरचा सांगावा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते भाजी सोलायचं. चार घरं सोडून राहणाऱ्या डच म्हातारीने आमच्या पायरीवर शतावरीची जुडी ठेवली होती, पांढरे, बोटाएवढे जाड कोंब. साल कडक असते, सोलावी लागते. बायको सोलत होती, मी तुकडे करत होतो. इकडे हॉलंडात माणसं हे लोण्यात खातात. बायकोला ते पटायचं नाही. रात्री शेंगदाण्याचा कूट घालून भाजी करायची आणि सकाळी वाटीभर म्हातारीला न्यायची, असं तिचं ठरलं होतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सून बसली होती. ती जुन्या इंग्लंडवर संशोधन करते, हजार वर्षांपूर्वीच्या. टाळेबंदीमुळे तिचं भाषण कॉम्प्युटरवरून व्हायचं होतं आणि ते ती आधी आम्हाला मराठीत सांगून बघायची. म्हणायची, तुम्हा दोघांना कळलं तर कुणालाही कळेल. मी चौथी पास, बायको तेवढीही नाही. हा मान होता का टोमणा, मी विचारलं नाही.

त्या दिवशी गुलामांचं होतं. तिकडे म्हणे माणसाच्या जिवाला किंमत ठरलेली असायची. सरदाराला मारलं तर मोठी, साध्या शेतकऱ्याला मारलं तर कितीतरी कमी, आणि ती मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची. गुलामाला मारलं तर भरपाई मालकाला. दुष्काळात उपाशी माणसं धन्याच्या हातात डोकं द्यायची आणि अन्नासाठी गुलाम व्हायची. ज्या परक्या लोकांची जमीन घेतली, त्या लोकांचं नावच पुढे गुलामाला वापरायला लागले.

"यात नवीन काय?" मी म्हणालो. "आमच्या जातीच्या नावाचीसुद्धा शिवीच केली होती."

बायकोचा हात थांबला. "पोरी, त्यातला कुणी मेला तर त्याच्या आईबापाला सांगायला कोण जायचं?"

सुनेने कागद चाळले. "ते कुठे लिहिलेलं नाही, आई. मालकाचं नुकसान किती, ते लिहिलंय."

"म्हणजे बैल मेल्यासारखं. यांना विचार. हे सांगावेवाले."

हे मला झोंबणार, हे तिला ठाऊक होतं. गावात मोठ्या घरचं कुणी मेलं की गावोगावच्या सोयऱ्यांना सांगावा पोचवायचं काम आमच्या घराकडे होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. बाप घुंगुरकाठी घेऊन पुढे, मी मागे. अंगणाबाहेर थांबायचं, मान खाली घालायची आणि ओरडून सांगायचं. आत रडारड सुरू व्हायची, आम्ही उन्हात उभे. मग कुणीतरी येऊन वरून भाकरी टाकायचं, हाताला हात लागू नये अशी. माझी आजी मेली तेव्हा बाप पाटलाच्या घरचा सांगावा घेऊन तिसऱ्या गावाला होता. त्याला सांगायला कुणी गेलं नाही. तो आला तेव्हा त्याच्या आईला माती देऊन झाली होती. पुढे आम्ही धम्म घेतला, त्या दिवशी ती घुंगुरकाठी चुलीत घालून आईने आमटी शिजवली. गावाने आमचं दळण बंद केलं. बाप म्हणाला, ज्वारी भाजून खाऊ.

मी तेव्हाच ठरवलं होतं की कुणाचा सांगावा नेणार नाही. पिंपरीला कारखान्यात भट्टीपुढे तीस वर्षं काढली. तिथे मोठे मालक वारले, फोरमन म्हणाला, तेवढी चिठ्ठी बोर्डावर लाव. मी म्हणालो, तूच लाव.

सुनेला यातलं अर्धंच माहीत होतं. सगळं सांगून मी म्हणालो, "या जन्मात कुणाचा नेणार नाही म्हणजे नाही."

"माझा तरी न्याल का?" बायको म्हणाली.

"तू मला पोचवून जाणार आहेस."

"आणि नाही पोचवलं तर? पोरगं फोनवर टाकून मोकळं होईल. तो लग्नातला फोटो टाकेल, त्यात माझं नाक भज्याएवढं दिसतं."

"आहेच तेवढं."

"आधी तुकडे सारखे कापा, मग नाकाचं बोला."

जेवून ती जरा पडली. चारला चहा घेऊन गेलो तर उठली नाही. डॉक्टरीणबाई मुखपट्टी, हातमोजे घालून आल्या. तो रोग नव्हता, म्हणाल्या, हृदयच थांबलं. पण नियम सगळ्यांना एकच. अंत्यविधीला तीस माणसं. विमानं बंद. पुण्याहून कुणी येणार नव्हतं.

संध्याकाळपर्यंत पोराने फोनवर टाकलं. फोटो तोच. फोन टुणटुण वाजत राहिला, जोडलेले हात येत राहिले. सोललेले कोंब पाण्यात तसेच होते.

सकाळी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला. पोरगं दारात आडवं आलं.

"बाबा, गल्लीच्या ग्रुपवर टाकलंय. सगळ्यांना कळलंय."

"कळलं असेल. मी सांगितलेलं नाही."

"लोक घाबरतील. आजाराने गेली समजतील."

"समजू देत."

"आणि तुम्हीच तर म्हणत होता, कुणाचा सांगावा नेणार नाही!"

"ते दुसऱ्यांचे मेलेले होते. ही माझी आहे. हो बाजूला."

सुनेने त्याला हाताला धरून बाजूला केलं आणि मला डच वाक्य शिकवलं. माझी बायको गेली, असं ती शिकवत होती. मी म्हणालो, मेली ती मेली, मेलीच शिकव. मग म्हणाली, "माइन फ्राउ इज दोट." नीउ-व्हेनेप या पोराच्या डच गावातल्या सरळसोट गल्लीत तेच घोकत निघालो.

पहिल्या दाराची घंटा दाबली आणि पाय आपोआप मागे आले. दीड मीटर, सरकारचा नियम. पण माझ्या पायांना ते अंतर सरकारच्या आधीपासून पाठ होतं. मानही खाली गेली. दार उघडलं. झोपायच्या कपड्यातला तरणा माणूस, तोही दोन पावलं मागे सरकला. मी वर बघितलं. त्याचेच डोळे खाली गेले होते. वाक्य म्हणालो. त्याने छातीवर हात ठेवला.

दुसऱ्या दारापासून मान खाली घातली नाही.

पाचव्या दाराशी ती म्हातारी. ऐकून तिने तोंडावर हात ठेवला आणि ती आत गेली. दार उघडंच. मी बाहेर उभा. राग तेव्हाच डोक्यात चढला. खायचं काही आणून वरून टाकलंस तर इथेच भिरकावून देईन, असं मराठीत पुटपुटलो.

ती खुर्ची घेऊन आली. ओढत, धापा टाकत. ती बागेत माझ्यापाशी ठेवली, मागे सरकली, आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

माझा बाप इतक्या दारांत उभा राहिला, त्याला कुणी बस म्हणालं नाही. मी बसलो. ऐसपैस, पाय पसरून. तिला द्यायची भाजीची वाटी राहिली, हे मला तिच्या भाषेत सांगता आलं नाही. ती रडत होती, मग मीही रडलो.

मग उठलो. अजून नऊ घरं होती.