हातभर शेवंती

सुभाष रोडवर एक फुलवाली बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला इसब आहे, आणि आमच्याकडे फुलांची माळ मोजतात ती बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत. त्यामुळे तो लाल, खरखरीत डाग रोज गिऱ्हाइकासमोर येतो. खाज सुटली की ती नख लावत नाही. तळव्यानं थोपटते, व्हॅसलीन लावते, बोटं पुसते आणि पुन्हा माळ उचलते.

"लांब बाही घाल की," मी एकदा म्हटलं.

"घामानं चिघळतंय, अक्का. आणि झाकलं की लोकांना वाटतं, लागणारं आहे."

परवा एक बाई तो डाग बघून मागं सरकली. "माळ मी माझ्या हातावर मोजते," म्हणाली.

फुलवालीनं शेवंती तिच्यापुढं धरली. "मोजा की. हे कुणाला लागत नाही, डॉक्टरांना विचारलंय. पुरतं जातही नाही म्हणे, सांभाळायचं. पण तुमचा हात आखूड आहे, बाई. माळ तुम्हालाच कमी पडंल."

बाईनं आपला आणि तिचा हात न्याहाळला. "बरं, तूच मोज."

फुलवालीनं हात ताठ केला आणि माळ त्या डागाच्याही चार फुलं पुढं नेऊन तोडली.