दुष्काळात बुडालेलं ऑर्किड

लग्न ठरवायला माझे वडील सोलापूरला भवानी पेठेत आले, तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला. "मचूळ आहे," एवढंच म्हणाले. बेळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस. विद्यार्थ्यांशी बोलावं तसं व्याह्यांशीही बोलले. लग्न बेळगावला झालं, थाटात झालं, पण सासूबाईंच्या मनातून तो पेला काही गेला नाही. वडीलही त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरी फिरकले नाहीत.

पहिल्या माहेरपणाहून निघताना त्यांनी माझ्या हातात एक कुंडी दिली. दार्जिलिंगकडच्या स्नेह्यानं पाठवलेलं ऑर्किड होतं, पाकोळीसारख्या पांढऱ्या फुलांचं. "आठ दिवसांतून एकदाच पाणी. जास्त घातलंस तर मुळं कुजतील. फूल आलं की कळव, बघायला येईन." तुला बघायला येईन, असं म्हणणं त्यांना या जन्मी जमलं नसतं. मला ते ठाऊक होतं, म्हणून ती कुंडी एस.टी.त सोलापूरपर्यंत मी मांडीवरून उतरू दिली नाही.

सासूबाईंनी कुंडीत डोकावलं. आत नुसते कोळसे, विटांचे तुकडे आणि झाडाची साल. "तुज्या वडलांनी माती बी दिली न्हाय व्हय? आन् ह्ये तर बांडगूळ हाय की!"

मी ते बांडगूळ पूर्वेच्या खिडकीत ठेवलं. त्याच वर्षी, बहात्तरला, पावसानं पाठ फिरवली. नळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी तासभर यायचा. पिण्याच्या पाण्याची एकच घागर, आणि तीतून प्रत्येकाला ठरलेले पेले. सुताच्या दुकानातून घामाघूम होऊन आलेले सासरेसुद्धा वरचा पेला मागत नसत. घरात दुष्काळाला साजेसं वागणारं एकटं ऑर्किडच होतं. आठवड्याला वाटीभर पाण्यावर ते खूश होतं.

थंडीत त्याला हिरवा दांडा फुटला, दांड्यावर कळ्या आल्या. मी लगेच पत्र टाकलं. उलट टपाली कार्ड आलं : कळ्या उमलू लागल्या की येतो. ते कार्ड मी इतक्यांदा वाचलं की नवऱ्यानं विचारलं, परीक्षा आहे का त्याच्यावर? सासूबाई म्हणाल्या, "येऊ द्या की. पानी पितील का बगू."

आणि उन्हं तापायला लागली तशी पानं मलूल झाली. कळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या. मी मात्र वडिलांच्या शब्दाला चिकटून : आठ दिवस म्हणजे आठ दिवस. शिस्त वडिलांचीच होती, तेव्हा चूक माझी असणं शक्यच नव्हतं.

एका दुपारी जरा आडवी झाले होते. उठले तर सासूबाई खिडकीपाशी, हातातला पेला कुंडीत रिकामा करत होत्या. मला पाहून दचकल्या, मग उलट माझ्यावरच चढल्या. "सुकून चाललंय की ग! आठ आठ दिस पानी घालीनास. दुष्काळ हाय म्हून म्हायेरच्या झाडाला पानी मागायला लाजतीस व्हय? माज्या वाटणीचं घालते मी रोज."

संध्याकाळी बाकीचे गुन्हेगार सापडले. सासरे लिंगपूजेचं पाणी न चुकता कुंडीत घालत होते. नवरा दुकानाला जाताना आपला अर्धा पेला. कुणाचा कुणाला पत्ता नव्हता. पानं जितकी मलूल, तितकी प्रत्येकाला दया जास्त. मी झाड उपसलं. वास आला. मुळं बोटांत धरली तर नुसती सालं हातात आली.

गावोगाव माणसं टँकरची वाट बघत होती, आणि आमच्या घरात एक झाड पाण्यात बुडून मेलं. मी खूप रडले. झाडापेक्षा मला त्या कार्डाचं वाईट वाटत होतं. आता वडील कशाला येतील?

पत्रात मी काही लपवलं नाही. कोणी कुठलं पाणी घातलं, तेही लिहिलं.

आठवड्यानं वडील दारात उभे. हातात पिशवी आणि प्रवासातला स्वतःचा फिरकीचा तांब्या. आल्या आल्या कुंडीकडे गेले, हे सांगायला नकोच. मुळं बघितली. "इतकं पाणी? या दिवसांत?"

सासूबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "आमच्याच वाटणीचं व्हतं. थोडं थोडं."

वडिलांनी ती मुळं अलगद कुंडीत परत ठेवली. सासूबाईंनी त्यांच्यापुढे पेला ठेवला. घागरीच्या तळचं पाणी, पूर्वीपेक्षाही मचूळ. सासऱ्यांना एकदम सुताच्या लडी मोजायच्या होत्या. मी पदराच्या टोकाशी चाळा करत होते.

वडिलांनी पेला उचलला आणि तळापर्यंत प्यायले. फिरकीचा तांब्या तसाच भरलेला, पायाशी होता.

"अजून एक मिळेल का?" त्यांनी विचारलं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे दुसरा पेला कुणी मागत नव्हतं. सासूबाई लगबगीनं आत गेल्या, आणि घागर तिरपी केल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.