पाचपैकी किती?

फॉर्म ऑफिसात जमा होतात आणि किस्से माझ्याकडे उरतात. टॅबमध्ये त्यांना रकाना नाही ना! मग जाऊबाई, मैत्रिणी, जो सापडेल त्याला मी ते सांगत सुटते. ऐकणारे हसतात. मीही हसते, आणि मग घरी येऊन पोरांवर विनाकारण खेकसते.

काम असं होतं. आमच्या भागात दिव्यांगांसाठी एक थेरपी केंद्र आहे. आठवड्यातून दोन दिवस गाडी यायची, लहानमोठ्यांना घेऊन जायची, हातापायांचे व्यायाम करवून संध्याकाळी परत सोडायची. घरच्या बाईला तेवढाच श्वास. आता ते केंद्र ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला सर्व्हे निघाला, आणि तो होईपर्यंत गाडी थांबवली. घरोघर जाऊन 'सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?' असं विचारायला मी, आणि जीप चालवायला सलीमभाई. ते आधी कळंबला गॅरेजात मेकॅनिक होते.

*

पहिलंच घर. फॉर्मवर प्रश्न होता, 'काळजीवाहक कोण?' ओसरीवरच्या बाबांना मी तो जसाच्या तसा वाचून दाखवला.

"काळजीवाहू? ते तं सरकार असते ना जी, इलेक्शनच्या टायमाले!"

आत एक बाई अंथरुणाला खिळलेल्या मुलाला भात भरवत होती. मी विचारलं, "मग या कोण?"

"ते? ते त्याची माय व्हय."

अख्ख्या गावात हेच. माय निघाली, बायको निघाली, बहीण निघाली, काळजीवाहक एकही निघाला नाही! आणि 'कोणी नाही' दाबलं की ॲप त्या भागातले पुढचे सगळे प्रश्न गाळून टाकतं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

संध्याकाळी वरून मेसेज आला, 'अभिनंदन! या गावात काळजीवाहकांची एकही तक्रार नाही.'

*

शंकररावांना शिबिरात तीनचाकी सायकल मिळाली होती. "वापर होतो का?" म्हटलं.

"रोजच्या रोज!"

मी खूश होऊन 'नियमित वापर' दाबलं. फोटो काढायला मागे गोठ्यात गेलो, तर सीटवर गोणपाट अंथरलेलं आणि त्यावर कोंबडी अंडी उबवत बसलेली. सगळा काळ्या मातीचा रस्ता, पावसाळ्यात बैलगाडीचीही दैना होते तिथं.

"अहो, पण तुम्ही कधी बसता?"

"मी बसलो तं चाक रुतते बाप्पा. ते बसली तं नाई रुतत!"

सलीमभाईंनी टॅबकडे बोट दाखवलं. "ताई, दाबलं ते राहू द्या. फक्त लाभार्थी बदलला."

*

गजाननभाऊ शिंपी आहेत. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. माझ्या हातातून टॅब घेऊन त्यांनी स्वतःच सगळा फॉर्म भरला, एक चूक नाही. इतका नीट फॉर्म मला अख्ख्या महिन्यात मिळाला नव्हता.

आठवड्याने ऑफिसातून विचारणा, 'खात्रीसाठी तीनदा फोन केला. लाभार्थी काहीच बोलत नाही. संशयास्पद. खुलासा करा.'

मी कळवलं, 'त्यांना ऐकू येत नाही, म्हणूनच ते या सर्व्हेत आहेत.'

लगेच उत्तर, 'ठीक आहे. फॉर्म बाद होईल, तसं त्यांना फोन करून कळवा.'

*

घाटंजीकडच्या एका तांड्यावर एक म्हातारी आहे. तिला सगळे याडी म्हणतात, याडी म्हणजे आई. नवरा लकव्याने पडलेला, सगळं तिच्या हातावर.

"याडी, फिरतं पथक येतं का तपासायला?"

"नाई."

"औषध मिळतं?"

"कायचं औषध!"

"काठी, खुर्ची, काही दिलं कुणी?"

"काईच नाई देल्लं."

"मग एकूण सेवेला पाचपैकी किती?"

"पाच!"

मी कपाळाला हात लावला. "अहो, काहीच मिळालं नाही आणि पाच कसे?"

याडीने माझ्यापुढे चहाची बशी सरकवली. "उन्हातानाची तू माह्या घरी आली. आलेल्या माणसाले कमी कोन देते वं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आतापर्यंत जमवलेले सगळे पाच सेवेला नव्हतेच, ते पाहुणी म्हणून मला होते! परतताना जीपमध्ये मी रडले. सलीमभाईंनी नुसता रेडिओ बंद केला.

*

मी ऑफिसातल्या आमच्या सरांना जाऊन सांगितलं, "सर, हे पाच खरे नाहीत. यावरून केंद्राचं काही ठरवू नका."

सर माणूस वाईट नाही. खुर्ची ओढून त्यांनी समजावलं, "हे बघा, पाच आले तर लोकांच्या गरजा भागल्या, म्हणजे केंद्र लागत नाही. एक आला तर केंद्र कुचकामी, म्हणजे तेही लागत नाही."

"मग किती आले म्हणजे केंद्र राहील?"

सरांनी बराच विचार केला. "तीन. पण सगळीकडे तीनच आले, तर तुम्ही घरी बसून फॉर्म भरले असं होईल!"

*

शेवटचं घर शोभाताईंचं. त्यांची लेक वंदना तिशीची आहे. हातपाय आखडलेले, बोलणं फुटत नाही, पण समजतं सगळं. केंद्राच्या गाडीची ती दाराकडे बघत वाट पाहायची. फॉर्ममध्ये एक प्रश्न खास दिव्यांग व्यक्तीलाच विचारायचा असतो, 'तुमची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला पाचपैकी किती?' पडद्यावर पाच चेहरे येतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत.

मी टॅब तिच्यापुढे धरला. वंदनाने वाकडी मूठ कशीबशी ओढत आणली आणि रडका चेहरा दाबला. एक!

"चुकून लागलं," मी म्हटलं आणि खोडायला गेले.

शोभाताईंनी माझा हात धरला. "नाई चुकली ते. काल मारलं मी तिले."

मी खोडायला नेलेलं बोट मागे घेतलं.

"दोन महिने झाले, गाडी येऊन नाई राह्यली. रातदिवस मी अन् ते, ते अन् मी. काल हात उठला माहा. खोडू नोका ताई, तेच पाठवा वरतं."

ॲपने पुढचा चौकोन उघडला, 'कमी गुणांचे कारण निवडा.' मी वाचू लागले, "वागणूक चांगली नाही. सेवा अपुरी आहे. काळजी घेणारी व्यक्ती हजर नसते..."

"थांबा," शोभाताई म्हणाल्या. "पयलं लिवा, दुसरं लिवा. पन हजर नसते असं नोका लिवू. तीस वर्सं झाले, मी कुठं गेलीच नाई जी!"