मला बहीण नाही

"टेबलावर नको, काच फुटेल," असं मी म्हणेपर्यंत रिक्षावाल्याने हंडा टेबलावर ठेवलाही होता. तांब्याचा, जुन्या घडणीचा, काळा पडलेला. मागून शांताबाई आत आल्या.

शांताबाई म्हणजे निवृत्त स्टाफ नर्स. नगरमध्ये सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात, मीही. मी दिवाणी वकिली करते, त्यातही वारसाची प्रकरणं जास्त. सिस्टरची आई वारल्यावर तिचे कागद मीच केले होते. आता त्या जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये जात होत्या.

"हा हंडा आमचा नाही," त्या म्हणाल्या.

"मग कोणाचा?"

"तेच शोधून द्या. आई जन्मभर म्हणायची, हा आपला नाही, वापरायचा नाही, विकायचा नाही. काल भंगारवाला दारात उभा होता. माझं मन होईना."

मी फडक्याने हंड्याचा काठ पुसला. ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं दिसली. 'चि. रावजी यास सरूकडून'.

सिस्टरच्या घराण्यात चार पिढ्या ख्रिस्ती. त्यात रावजी नाही, सरूही नाही. सगळ्यात जुनं माहीत असलेलं नाव म्हणजे रूथबाई, आईची आजी. मोठ्या दुष्काळात अनाथ मुलगी म्हणून मिशनमध्ये आली, पुढे तिथल्याच दवाखान्यात आया झाली. त्याआधीचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"ही केस नाही, सिस्टर," मी म्हणाले. "यात कोर्ट काही करणार नाही."

"कोर्टाला सांगतच नाहीये. तुम्हाला सांगतेय."

सुरुवात चर्चपासून केली. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वेगवेगळी रजिस्टरं असतात. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला 'पूर्वीचे नाव' असा एक रकाना असतो. पाळकसाहेबांनी कपाट उघडून दिलं आणि पानं मीच उलटायची अशी अट घातली, कारण त्यांच्या हातून मागे एक पान फाटलं होतं.

दुष्काळाच्या वर्षांत रूथ नावाच्या दोन मुली निघाल्या. एकीचं पूर्वीचं नाव सरस्वती, गाव राहुरीकडचं. दुसरीच्या रकान्यात नुसती रेघ.

"सरस्वतीचीच सरू झाली असणार," सिस्टर म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. राहुरीला माझे एक पक्षकार आहेत, त्यांना मी लगेच फोनही लावला. त्यांनी आठवडाभर गावात चौकशी केली. मग मी दफनाचं रजिस्टर पाहिलं. ते आधी पाहायला हवं होतं. सरस्वती त्याच वर्षी तापाने गेली होती. म्हणजे आपली रूथ ती रेघवाली.

पण दफनाच्या रजिस्टरातून एक गोष्ट मिळाली, आपल्या रूथबाईंच्या मृत्यूची तारीख. तारखेवरून कोर्टात शोधता येतं. त्या काळी ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केलं असेल तर त्याला प्रोबेट लागायचं. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का. दवाखान्यातल्या आयाने मृत्युपत्र केलं असेल असं मला वाटत नव्हतं. तरी अर्ज टाकला. रेकॉर्ड रूममधून फाईल यायला महिना लागला, पण आली.

मृत्युपत्र एका पानाचं होतं. राहती खोली मुलाला. शिलाईचं मशीन सुनेला. आणि शेवटी: 'तांब्याचा हंडा माझा धाकटा भाऊ रावजी यास किंवा त्याच्या वारसांस द्यावा.' पुढे गावाचं नाव. पाथर्डी तालुक्यातलं. गावाचं नाव इथे लिहू नका असं त्या घरच्यांनी सांगितलं आहे.

"म्हणजे सरू हीच," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. "मग दिला का नाही तिच्या मुलाने, माझ्या आजोबांनी?"

उत्तर पुढच्या पानावर होतं. मृत्युपत्रात ज्याला काही ठेवलेलं असतं त्याला कोर्ट नोटीस काढतं आणि बेलिफ ती घरी नेऊन देतो. बेलिफाने रिपोर्ट लिहिला होता, 'सदर इसमाने नोटीस घेण्यास नकार दिला. मला बहीण नाही, असे सांगितले.'

सिस्टरनी ते दोनदा वाचलं. मग फाईल बंद केली.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"मृत्युपत्र तिचं आहे," त्या म्हणाल्या. "तिने द्या म्हटलंय. त्याने नको म्हटलं तर म्हटलं. वारस असतील ना?"

एका रविवारी गाडीच्या डिकीत हंडा टाकून आम्ही निघालो. गावात चौकशी केल्यावर घर सापडलं. ओट्यावर ऐंशीच्या घरातले एक आबा बसले होते, शेजारी त्यांचा मुलगा संपत मोटर दुरुस्त करत होता. आबा रावजीचे नातू. मी माझं नाव सांगितलं, वकील आहे म्हणून सांगितलं आणि तिथेच चुकले.

संपत उठून उभा राहिला. "सातबाऱ्यात नाव लावायचंय का?"

"नाही हो."

"मंग वकील कशापायी आनली? आमच्या जमिनीत कुनाचा वाटा न्हाई."

मी कायदा समजावू लागले. तो आणखी बिथरला. तेवढ्यात सिस्टर पुढे झाल्या आणि आबांसमोर ओट्याच्या कडेला टेकल्या.

"मी सरूच्या नातीची मुलगी," त्या म्हणाल्या. "मला काही नको. द्यायला आलेय."

आबांनी मान हलवली. "सरू तर दुस्काळात मेली."

"मेली नव्हती. नगरला होती. मिशनच्या दवाखान्यात."

"नगरला?" आबा मुलाकडे वळले. "संपत, तू गप ऱ्हा जरा." मग सिस्टरना म्हणाले, "माजा आजा दर भाऊबीजेला नगरला जायाचा. चालत. बाजार हाय म्हनायचा. आता भाऊबीजेला कुठला बाजार आला? पन त्याला इचारायची कुनाची टाप न्हवती."

सिस्टरचा हात तोंडाशी गेला. "आई सांगायची... दिवाळीत एक पागोटेवाले यायचे. कंपाउंडच्या बाहेर निंबाखाली बसायचे. तिची आजी त्यांना ताट नेऊन द्यायची. कोण म्हणून विचारलं की म्हणायची, गावाकडचे पाहुणे."

संपतने हातातला पाना खाली ठेवला.

"मग कोर्टाची नोटीस आली तेव्हा बहीण नाही का म्हणाले?" मी विचारलं.

"बाई, कोर्टाचा मानूस दारात, समदं गाव गोळा," आबा म्हणाले. "व्हय म्हनला असता तर बहीण किरिस्ताव म्हनून घर वाळीत पडलं असतं. त्याच्या पोरींची लग्नं व्हायची हुती. काय म्हननार?"

संपतने डिकीतून हंडा काढून आणला. त्याच्या बायकोने अक्षरं वाचून दाखवली. आबांनी काठावरून बोट फिरवलं. "ह्यो घेऊन तो गावात आलाच नसता," ते म्हणाले. "कुठून आनला म्हनून लोकांनी इचारलं असतं." मग त्यांनी बोटांवर पिढ्या मोजल्या, एकदा चुकले, पुन्हा मोजल्या. "म्हंजी मी तुजा मामा लागतो की गं."

सिस्टर तोवर शांत होत्या. तिथे मात्र त्यांना रडू आवरलं नाही.

जेवल्याशिवाय कोणी सोडलं नाही. निघताना संपतने मला हळूच विचारलं, "पन मॅडम, सातबाऱ्याचं काई न्हाई ना खरंच?" मी नाही म्हणाले. सिस्टरनी दुसऱ्या आठवड्यात न मागता तसं लिहूनही दिलं.

त्या दिवाळीत भाऊबीजेला संपत सिस्टरच्या फ्लॅटवर आला. लिफ्ट बंद होती, तरी बाजरीचं पोतं खांद्यावर घेऊन तो तिसऱ्या मजल्यावर चढला. जिन्यात भेटेल त्याला तो सांगत होता, बहिणीकडे आलोय.

बेलिफाचा रिपोर्ट खोटा नव्हता. रावजी तसं बोलला आणि त्याने तसं लिहिलं. ज्युनिअरना मी आता एवढंच सांगते की नोटिशीला दिलेलं उत्तर हे कोर्टाला आणि जमलेल्या गावाला दिलेलं असतं. घरातलं उत्तर हवं असेल तर घरात जाऊन बसावं लागतं. आणि आपण वकील आहोत हे जेवणं झाल्यावर सांगावं.